कुरण आणि कुलूप

४ मार्च, सोमवार

ही वही टकळीने दिली. टकळी म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत संशोधन करणारी मुलगी. तोंडाला विश्रांती नाही म्हणून मी ठेवलेलं नाव, आणि तिला ते माहीत आहे. "काकू, दिवसभर दुसऱ्यांचे आकडे लिहिता, कधीतरी स्वतःचं लिहा की," म्हणाली. स्वतःचं काय लिहू, कपाळ? बावीस वर्षं कृमी मोजतेय. संपलं.

पण वही चांगली आहे, म्हणून लिहिते. प्लास्टिकची चपटी बशी, तिच्यात जेलीचा थर, मधोमध जिवाणूंचा सायीसारखा डाग. तो डाग म्हणजे कृमींचं अन्न. आम्ही त्याला कुरण म्हणतो. कृमी जेमतेम मिलिमीटरभर. त्याला केसाएवढ्या तारेने उचलून बशीत सोडायचा आणि भिंगातून बघत वीस सेकंदांत अंगाला किती बाक देतो ते मोजायचं. एक बाक, काउंटरवर एक टिचकी. धडधाकट कृमी कुरणात शिरला की चाल मंद करतो, जेवायला बसतो म्हणा ना. ज्याच्या डोक्यात एक रसायन बनत नाही, तो मात्र वाढल्या ताटावरून तसाच पुढे जातो.

कुठल्या बशीत काय घातलंय ते मला कधीच सांगत नाहीत. बशीवर फक्त नंबर. माहीत असलं तर मन आकड्यात लुडबुड करतं. प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: बघायचं, मोजायचं, अर्थ लावायचा नाही. मला तो नियम पटतो. अर्थ लावायला डोकं लागतं, आणि माझं चार वाजेपर्यंत संपतं.

६ मार्च, बुधवार

रजा टाकली. सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलं. तीन तास बाकावर बसून पाठीचा पार काटा ढिला झाला.

त्यांचा उजवा हात थरथरतो आणि चालताना दाराशी आल्या की पाय जमिनीला चिकटतात. मग मी समोर माझी चप्पल टाकते आणि म्हणते, "आई, ही ओलांडा." ती ओलांडायला पाय सुटतो. असं दिवसातून वीस वेळा. जुनी गोळी त्यांना सोसली नव्हती, उलट्यांनी हैराण झाल्या होत्या. आज नवीन दिली. डॉक्टर म्हणाले, "मेंदूत एक रसायन कमी पडतंय. ही गोळी त्याची नक्कल करते. आधी अर्धी, मग एक, मग दोन. मळमळेल, झोप येईल. काही वेगळं दिसलं तर सांगा."

सासूबाई मोठ्या अभिमानाने म्हणाल्या, "आमच्या सूनबाई मेंदूवरच काम करतात."

"किड्यांच्या," मी म्हटलं. "आणि मी फक्त मोजते."

"मग घरीही नोंद ठेवा," डॉक्टर म्हणाले. ठेवते. तेवढंच येतं मला.

१७ मार्च, रविवार

एक गोळी सुरू होऊन चार दिवस झाले. आज सासूबाईंनी सुईत दोरा ओवला!

त्या चाळीस वर्षं शिवणकाम करायच्या. काजं करावीत तर त्यांनीच, दुकानदार शर्ट पाठवायचे त्यांच्याकडे. तीन वर्षं सुई हातात धरवत नव्हती. आज खिडकीशी बसून दोरा ओठात ओला केला, एकदा चुकला, दुसऱ्यांदा आरपार. मला हाक मारली नाही, नुसती सुई उंच धरून दाखवली. मला रडूच आलं. नवरा पंपावरून रात्रपाळी करून आला होता (शहराला पाणी सोडण्याचं काम त्याचं), बूटही न काढता आईजवळ बसून राहिला.

दाराच्या चौकटीत चप्पल टाकावी लागली नाही. दिवसात शून्य वेळा.

२२ मार्च, शुक्रवार

आजपासून गोळ्या दोन, सकाळी आणि संध्याकाळी. माझा कामाचा पांढरा कोट सासूबाईंनी ओढून घेतला. "ही काय काजं आहेत? उंदराने कुरतडल्यासारखी. सगळी उसवते आणि नव्याने करते." पाच काजं आहेत. मी म्हटलं, सावकाश करा. म्हणाल्या, "सावकाशच करत होते तीन वर्षं."

१ एप्रिल, सोमवार

बिस्किटांचा डबा रिकामा. शनिवारी भरला होता, चोवीस बिस्किटं. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला गोड मी खात नाही हे तुला लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी कळलं नाही का. सासूबाई तर अर्ध्या घासाच्या. आयुष्यभर ताटात वाढलं की "बास, बास" म्हणणाऱ्या. मला वाटलं मीच मोजायला चुकले. म्हणजे बघा, किती दमले असेन.

५ एप्रिल, शुक्रवार

केळी सहा आणली, संध्याकाळी एक. सालं सासूबाईंच्या उशीखाली. विचारलं तर हसल्या, "तुझ्या कामावरचे जंत आलेत माझ्या पोटात. कोटातून आणलेस बहुतेक."

मीही हसले. टकळीला सांगितलं तर ती खो-खो हसली.

९ एप्रिल, मंगळवार

लिहायला नको वाटतंय, पण लिहिते.

शेजारीण माझ्याबरोबरच जिना चढून आली, तिला इस्त्री हवी होती. दार उघडलं तर सासूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेल्या, साखरेचा डबा मांडीत, हात मनगटापर्यंत आत. तोंडाला, लुगड्याला, फरशीवर साखर. आम्ही समोर उभ्या तरी हात थांबला नाही. शेजारीण "नंतर येते" म्हणून निघून गेली. उद्या सगळ्या जिन्यात होईल.

मी ओरडले, "आई, लाज नाही वाटत? आम्ही काय उपाशी ठेवतो तुम्हाला?"

त्या म्हणाल्या, "भूक नाही गं. हात जातो."

हात जातो म्हणजे काय? हात काय आपोआप जातो? मी डबा हिसकावून घेतला. फरशी पुसताना मुंग्या यायलाही लागल्या होत्या. सकाळपासून आठ तास भिंगाला डोळा लावून आल्यावर हे. मला कोणी विचारतं का, की बाई तुझा हात कुठे जातो?

१३ एप्रिल, शनिवार

कपाटाला कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात. सासूबाई खिडकीशी बसून काज करत होत्या, वर बघितलं नाही.

१६ एप्रिल, मंगळवार

कुलूप जागच्या जागी. कपाटाचं दार मात्र जमिनीवर! शिवणाच्या कात्रीच्या टोकाने बिजागऱ्यांचे आठही स्क्रू काढले बाईंनी. काढून पुन्हा वाटीत नीट ठेवले. महिन्यापूर्वी यांना चमचा धरता येत नव्हता. मला आधी हसू आलं, मग धडकी भरली. पाव, लोणी, दुधाची पावडर, सगळं साफ. संध्याकाळी ओकल्या. मी पाठीवर हात फिरवत बसले आणि मनात नको ते बोलत राहिले.

कात्री काढून घेतली.

१८ एप्रिल, गुरुवार

नवीन प्रयोग. कृमी कुरणातून उचलायचे आणि रिकाम्या बशीत सोडायचे. अन्न गेलं की कृमी तिथल्या तिथे वळसे घालतो, मागे फिरतो, पुन्हा वळतो. इथेच होतं, कुठे गेलं? पंधराएक मिनिटांनी तो नाद सोडतो आणि सरळ लांब निघून जातो. आपण चष्मा शोधतो तसंच.

सात नंबरच्या बशीतले मात्र नाद सोडेनात. अर्धा तास, पाऊण तास, तिथेच वळसे. माझा अंगठा टिचक्या मारून सुजला. टकळीला विचारलं, "अगं, हे बिघडलेत का?" म्हणाली, "काकू, मला विचारू नका, मी सांगून टाकीन." बिचारे. चिडता येईना मला त्यांच्यावर. बशी बंद करताना एकाला तारेने उचलून कुरणावर सोडलं. मोजणी झाली होती, नियम मोडला नाही.

२१ एप्रिल, रविवार

नवऱ्याने आईला पदराआड पाव लपवून बाथरूममध्ये जाताना धरलं. तो आवाज चढवणारा माणूस नाही. नुसता म्हणाला, "आई, तू चोरी करतेस? माझ्या घरात?" आणि मग बाहेर जाऊन पायरीवर बसला. मी गेले तर म्हणाला, "म्हातारचळ लागलाय तिला. पाळीच्या कामात मी बघू शकत नाही, तू मरायला टेकलीयेस. घरी कोणी नसताना गॅस चालू ठेवून बसली म्हणजे?"

खरं आहे सगळं. वृद्धाश्रमाचा अर्ज त्याने आधीच आणून ठेवला होता. मी सही केली. सही करताना बरं वाटलं, हे कुणाला सांगणार नाही, पण इथे लिहिते.

२७ एप्रिल, शनिवार

जागा बघून आलो. स्वच्छ आहे. एका खोलीत दोन पलंग, खिडकी गल्लीकडे. तिथल्या बाईंनी सामानाची यादी दिली: चार जोड कपडे, टॉवेल, औषधं. खाली रेघ मारून लिहिलंय, सुई-कात्री चालणार नाही. आठ मे ठरली.

सासूबाईंना संध्याकाळी सांगितलं. म्हणाल्या, "बरं." मग झोपताना, "तिथे कपाटाला कुलूप असतं का गं?" मी म्हटलं असतं. "मग बरं," म्हणाल्या.

२ मे, गुरुवार

आज नंबर फोडले. म्हणजे कुठल्या बशीत काय होतं ते उघड केलं. सातवर मॅडम खूष. सातमध्ये औषध घातलं होतं, डोक्यातल्या त्या रसायनाची नक्कल करणारं. टकळीची नुसती लाह्यांसारखी बडबड, "काकू, कमी पडलं तर ताट समोर असून थांबत नाहीत, जास्त झालं तर ताट नसताना शोध संपत नाही! चाल आणि भूक, दोन्ही एकाच दोरीला!" मॅडम म्हणाल्या, माझ्या आकड्यांत एक टक्क्याचाही घोळ नाही. शोधनिबंधात शेवटी माझे आभार मानणार आहेत.

घरी येऊन गोळ्यांचा डबा भरला. आठवड्याचे चौदा खण, सकाळ-संध्याकाळ. वृद्धाश्रमात भरलेलाच द्यायचा आहे. दमले.

५ मे, रविवार

बॅग भरली. शिवणाचा पत्र्याचा डबा नेता येणार नाही म्हणून रिकामा करायला घेतला. रिळं, बटणं, खडू, आणि तळाशी कागदात गुंडाळलेली सहा बिस्किटं. मऊ पडलेली. माझा असा संताप झाला की कागद टराटरा फाडणार होते. तर तो गोळ्यांच्या खोक्यातला कागद. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, चष्म्यातूनही दिसेनात. तेलाने डाग पडलेत.

नोंद ठेवायची सवय वाईट. घडी करून पर्समध्ये टाकला.

६ मे, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत कागद भिंगाखाली धरला. रोज जिथे बशी ठेवते तिथेच. वाचत वाचत खाली आले. मळमळ. झोप. चक्कर. आणि मग: "काही रुग्णांमध्ये अनावर वागणूक आढळते, जसे जुगार, खरेदी, किंवा भूक नसताना सतत खाणे. असे दिसल्यास डॉक्टरांना त्वरित कळवावे."

भूक नसताना.

तीनदा वाचलं. हातात काउंटर होता आणि मी नुसत्याच टिचक्या मारत होते. टकळी आली, "काकू, काय मोजताय?" मी कागद तिच्यापुढे सरकवला. तिने कागद वाचला. पहिल्यांदाच बघितली मी तिला गप्प बसलेली. मग हळूच म्हणाली, "जंत म्हणाल्या होत्या ना आजी? मी हसले होते."

सात नंबरच्या बशीला मी बिचारे म्हटलं. आणि घरी कुलूप लावलं.

७ मे, मंगळवार

डॉक्टरांना ही वहीच दाखवली. वाचू नका म्हणणार होते, पण त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. बावीस मार्च, दोन गोळ्या. एक एप्रिल, चोवीस बिस्किटं. पाच, केळी. नऊ, साखर. त्यांनी पेन्सिलीने तारखांखाली रेघा मारल्या. "तुम्ही तर सगळं लिहिलंय. अगदी ओळीने. मग आला का नाहीत?"

"मला वाटलं माणूस बिघडलंय," मी म्हटलं.

गोळी एकदम बंद करता येत नाही. हळूहळू उतरवायची. खाणं थांबेल म्हणाले, पण हात आणि पाय पुन्हा अडतील. दुसरी गोळी बघू, खात्री नाही. "घरी ठरवा. त्यांना विचारून ठरवा." त्यांना विचारून! महिनाभरात कुणी विचारलंय त्यांना काही?

संध्याकाळी नवऱ्याला कागद दिला. त्याने डोळ्याजवळ नेला, लांब धरला. शेवटी मीच वाचून दाखवला. तो आत गेला, आईच्या पलंगाशी उकिडवा बसला. "आई, तू चोर नव्हतीस गं."

सासूबाई म्हणाल्या, "मला वाटलं, मीच." आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. न थरथरणारा.

उद्या कुठे जायचं नाही. कुलूप काढलं.

९ मे, गुरुवार

त्यांना सगळं समजावलं. गोळी राहिली तर हात चालेल, पण हे खाणं राहील. गोळी उतरवली तर उलट. मी म्हटलं, "आई, गोळी राहू दे. मी कुलूप पुन्हा लावते, पण आता आपल्या दोघींच्या संमतीने. तुम्ही सुई धरा." खरंच मनापासून म्हटलं.

त्यांनी आपल्या बोटांकडे बघितलं. "अगं, हात माझा आहे की नाही हेच कळेनासं झालंय. दोरा ओवतो तेव्हा माझा वाटतो. साखरेत जातो तेव्हा वाटतं कुणी दुसरीच बाई बसलीय माझ्यात. थरथरायचा तेव्हा निदान माझा तरी होता."

मग म्हणाल्या, "उतरव गोळी. पण तुझा कोट आण आधी."

२० मे, सोमवार

संध्याकाळचे खण रिकामे ठेवायला लागले. सासूबाई सकाळी उठल्यापासून खिडकीशी. तीन काजं झाली होती, या आठवड्यात चौथं. मी म्हटलं एवढी घाई कशाला. "हात आहे तोवर करून घेते." मधेच उठून डब्यातलं बिस्किट घेतात, मला दाखवून घेतात. "हे बघ, घेतलं. लिही." आम्ही दोघी हसतो. आज पाच. गेल्या आठवड्यात दिवसाला अकरा होती.

३ जून, सोमवार

अर्धी गोळी. दिवसात बिस्किटं दोन. दारात चप्पल चार वेळा.

पाचव्या काजाला सकाळपासून सुई टोचतायत, दोरा गुंतला, उसवला, पुन्हा गुंतला. मी भाजी चिरताना बघत होते, बघत नाहीये असं दाखवत. चार वाजता त्यांनी सुई कापडात खोचली आणि कोट घडी करून माझ्याकडे दिला. "खालचं बटण कोण बघतं?"

कोणी नाही, मी म्हटलं.

१० जून, सोमवार

कोट घालून गेले. मॅडम म्हणाल्या, "अहो, किती सुंदर काजं! शेवटचं बटण लावा की." मी म्हटलं ते असंच असतं.

दुसरी गोळी पोटात ठरली नाही, दोन दिवस उलट्या. डॉक्टर म्हणाले सध्या नको.

१६ जून, रविवार

गोळी बंद होऊन आठवडा. जिन्यातल्या सगळ्या विचारतात, आता बऱ्या आहेत ना आजी? हो, म्हणते. खूप शांत झाल्या.

चोवीस बिस्किटांचा डबा उघडाच ठेवते, त्यांच्या हाताशी, झाकण काढून. गुरुवारी मोजली, चोवीस. शुक्रवारी चोवीस. काल चोवीस. जेवायला वाढलं की ताटाकडे बघत बसतात. घास मी भरवते. दोन झाले की जुनी सवय, "बास, बास." आज दुपारी एक बिस्किट त्यांच्या हातात दिलं, बोटं मिटवली. ते तसंच राहिलं, थरथरत्या हातात चुरा होत. "तू खा गं," म्हणाल्या, "तू दमलीस."

चुरा झटकला. मग डब्यातलं एक काढून मी खाल्लं. मऊ पडलंय.

संध्याकाळी नवरा आला. आल्या आल्या डब्याशी गेला. मला माहीत नव्हतं, तोही रोज मोजतो. उभ्या उभ्या बोटाने मोजली आणि त्याचा चेहरा असा उजळला, मार्चमध्ये सुई बघून उजळला होता तसा. चुऱ्यात गेलेलं आणि मी खाल्लेलं, दोन्ही त्याने आईच्या नावावर धरली.

"अगं, बावीस! आईने दोन घेतली!"

मी हो म्हटलं.